नाताळचा फराळ: घरी करायचा की सांगून ठेवायचा?

गेल्या वर्षी मी ‘सगळं घरीच’ म्हणून हट्टाला पेटले आणि २३ तारखेला रात्री, नेवऱ्या (आमच्या नाताळच्या करंज्या) कढईत असताना, सिलिंडर संपला. त्याच्या आदल्या वर्षी सगळंच बाहेर सांगितलं होतं. २१ तारखेला बाईंचा फोन आला, ‘यंदा नाही जमत.’ दोन्ही करून पोळल्यावर आता मी एकेक पदार्थ बघून ठरवते.

कलकल, म्हणजे मैद्याचे शिंपल्यासारखे वळलेले गोड तळणीचे तुकडे, घरीच. किलोभर मैदा, एका नारळाचं दूध, दोन अंडी, साखर, तळणीचं तेल धरून दोनशेच्या आसपास खर्च येतो. तयार घ्यायला गेलात तर दुप्पट-तिप्पट. पण खरा खर्च हातांचा. सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून पसरायची आणि गुंडाळत आणायची, असं शेकड्यांनी. एकटीने बसलात तर दुपार जाते आणि मान धरते. चौघं बसली तर गप्पांत आटपतं. (आमच्याकडे मुलं नवाकोरा कंगवा मागतात. त्याच्या रेषा बारीक उठतात म्हणे. त्यावरून भांडणंही होतात.) मदतीला कोणीच नसेल तर खुशाल विकत घ्या. घट्ट झाकणाच्या डब्यात पंधरा दिवस सहज राहतात, म्हणून शेवटच्या आठवड्यासाठी ठेवायचं कारण नाही.

दोदोल (गोव्याचा हलव्यासारखा गोड पदार्थ) आणि बेबिंका (तिथलाच थरांचा केक) मात्र विकतच. दोदोल नारळाच्या दुधात माडाचा काळा गूळ आणि तांदळाचं पीठ घालून तासन्‌तास ढवळायचा. हात थांबला की खाली लागलाच. बेबिंकाचा प्रत्येक थर वरून भाजून झाल्याशिवाय पुढचा ओतता येत नाही, आणि थर किमान सात. त्यात नुसते पिवळे बलक लागतात आणि अंडी ऐन थंडीतच महागतात. गोव्याहून कोणी येणार असेल तर नोव्हेंबरातच सांगून ठेवा.

केक घरचा, पण दिवाळी संपल्यावर लगेच हात घातलात तरच. बेदाणे, काळ्या मनुका, संत्र्याची साल तेव्हाच रममध्ये भिजवून बरणी अंधारात ठेवायची. खर्च दोन पगारांत विभागतो, हा मोठा फायदा. उशीर झाला तर संत्र्याच्या रसात एक उकळी काढून रात्रभर ठेवा. चालतो, पण मुरलेली चव येत नाही. तेवढ्यासाठी धडपडण्यापेक्षा चांगल्या बेकरीतला आणलेला बरा.

नेवऱ्यांचं सारणावर आहे. ओला नारळ दोन-तीन दिवसांचा पाहुणा. सुकं खोबरं, रवा, खसखस घातलीत तर आठवडाभर आधी करून ठेवा. मिल्क क्रीम, म्हणजे दूध आटवून साच्यात पाडलेल्या वड्या, शेवटीच, थोडंसंच.

प्रमाण ताटांवरून काढा. शेजारी-नातेवाइकांकडे किती ताटं जाणार ते आधी कागदावर लिहा. आमची बारा असतात, मी वीस धरून करायचे आणि जानेवारीत मऊ पडलेल्या कलकल चहाबरोबर संपवायचे.

नाताळआधीचे आगमनकाळाचे चार रविवार वाटून घेतले की डिसेंबर हलका जातो: पहिल्याला यादी आणि ऑर्डरी, दुसऱ्याला केक, तिसऱ्याला कलकल, चौथ्याला नेवऱ्या. आणि दुसरा सिलिंडर भरलेला आहे ना, हे पहिल्याच रविवारी उचलून बघा.