स्वप्नाला विषय द्यायचा तो निजताना, डुलकीत की पहाटे?

आपण ठरवलेल्या विषयाचे स्वप्न पडावे म्हणून मनात एखादा कल्पित प्रसंग रंगवण्याच्या निदान तीन वाटा आहेत. त्यांतली कोणती धरावी हे, प्रसंग किती सुरेख रचला यापेक्षा तो झोपेच्या कोणत्या घटकेला मनात आणला यावर अधिक अवलंबून असते. ठाण्यात राहून रोज वाशीला कामाला जाणाऱ्या माझ्यासारख्याला सकाळच्या लोकलपूर्वी किती झोप पदरात पडते, हाही हिशेब मांडावा लागतो.

पहिली वाट अंथरुणावर पडल्या पडल्या प्रसंग रंगवण्याची. हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञ बॅरेट यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७६ विद्यार्थ्यांनी आठवडाभर निजताना स्वतःच्या एका अडचणीवर मन एकाग्र केले, आणि सुमारे निम्म्यांना त्या अडचणीशी संबंधित स्वप्न आठवले. या वाटेला खर्च नाही आणि झोपमोडही नाही. उणीव इतकीच की डोळ्यांच्या जलद हालचालींची, ठळक स्वप्नांची झोप पहाटेकडे लांबत जाते, त्यामुळे रात्री पेरलेला प्रसंग तिथवर पोहोचेतो बराच बदललेला असतो. माझा विषय होता ठाण्यातला उपवन तलाव. पण ‘मी उपवन तलावावर फिरायला गेलो’ हा प्रसंग नव्हे, ती नुसती नोंद झाली. मी त्याऐवजी काठावरची एकच ओली पायरी, येऊरच्या बाजूने येणारा वारा आणि तळहाताला लागणारी शेंगदाण्यांच्या पुडीची ऊब एवढेच धरून ठेवले. चौथ्या रात्री तलाव आला खरा, पण तो ठाणे स्टेशनच्या फलाटावर पसरला होता आणि गुडघाभर पाण्यात उभे असलेले सगळे प्रवासी पुड्या सांभाळत गाडीची वाट पाहत होते. एवढ्यावर ज्याचे समाधान होईल त्याने हीच वाट धरावी.

दुसरी वाट डुलकीची. अमेरिकेतल्या एमआयटीत तयार झालेले ‘डॉर्मिओ’ हे हाताला बांधायचे उपकरण झोप लागू लागल्याचे ओळखते, दिलेला विषय आवाजात सुचवते आणि थोड्या वेळाने जागे करून काय दिसले ते विचारते. त्याच्या २०२३ च्या प्रयोगात ४९ जणांपैकी ज्यांना डुलकीत ‘झाड’ हा विषय दिला होता, त्यांची नंतरची झाडाविषयीची लेखनादी सर्जनशील कामे अधिक सरस ठरली. येथील चित्रे त्रोटक असतात, मात्र रात्रीच्या स्वप्नांपेक्षा कितीतरी आज्ञाधारक असतात. उपकरण नसले तरी ऐरोली ते घणसोलीदरम्यान खिडकीपाशी लागणारी पेंग हीच अवस्था असते, आणि वाशी लोकल वाशीलाच संपत असल्याने स्टेशन मागे पडण्याची भीती नाही. फार तर झोपेतच पुन्हा ठाण्याला परतावे लागेल. लेखन, चित्रकला किंवा रचनेचे काम करणाऱ्यांना मी हीच वाट सुचवेन.

तिसरी वाट स्वप्नातच भान ठेवून ते हव्या विषयाकडे वळवण्याची, आणि ती सर्वांत महाग. सुमारे पाच तासांच्या झोपेनंतर गजराने उठायचे, नुकतेच पडलेले स्वप्न आठवायचे आणि ‘हे स्वप्न आहे’ असे आपल्याला त्यातच उमगल्याचा प्रसंग मनात घोळवत पुन्हा झोपायचे. ही रीत अमेरिकी स्वप्नसंशोधक लाबर्ज यांनी १९८० मध्ये मांडली. २०१७ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात ती पार पाडल्यावर पाच मिनिटांत पुन्हा झोप लागलेल्यांचे सुमारे ४६ टक्के प्रयत्न यशस्वी झाले, म्हणजे स्वप्नातच ते स्वप्न असल्याचे भान आले. ज्याला मध्यरात्री जाग आल्यावर आढ्याकडे पाहत पडून राहावे लागते, त्याने या आकड्याला भुलू नये. सहाच्या गाडीचे बंधन असलेल्याने ती शनिवार रात्रीपुरतीच ठेवावी.

दुःस्वप्नांनी गांजलेल्यांनी मात्र या तिन्ही वाटा बाजूला ठेवाव्यात. मनी वसे ते स्वप्नी दिसे हे खरेच, पण निजताना जो विचार मुद्दाम दाबला जातो तोही स्वप्नात उसळतो, असे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वेग्नर आणि सहकाऱ्यांना २००४ मध्ये आढळले. म्हणून ‘ते दिसू नये’ असे स्वतःला बजावणे उलटच पडते. त्याऐवजी त्या स्वप्नाचा शेवट दिवसाउजेडी हवा तसा बदलून, तो नवा प्रसंग रोज दहा-वीस मिनिटे मनात उजळण्याची उपचारपद्धती आहे. लैंगिक अत्याचार सोसलेल्या १६८ स्त्रियांवरील २००१ च्या चाचणीत तिने दुःस्वप्ने आणि झोपेच्या तक्रारी कमी झाल्या होत्या. स्वप्नामागे खरा आघात असेल, तर हा नवा शेवट एकट्याने न रचता मानसोपचारतज्ज्ञांच्या सोबतीनेच रचावा.