राणीच्या बागेत सहकुटुंब एक दिवस : आधी उन्हाचा विचार करावा

भायखळ्याच्या बागेचे अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान व प्राणिसंग्रहालय असे आहे, परंतु आमच्या घरात तीन पिढ्या तिला राणीची बागच म्हणत आल्या आहेत. माझ्या सासूबाई लहानपणी इथे हत्तीवर बसल्या होत्या, आणि ती आठवण त्या अजून रंगवून सांगतात. त्यांना, सात वर्षांच्या मुलाला आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन आम्ही दोघे गेल्या हिवाळ्यात एका मंगळवारी तिथे गेलो. ज्यांना असाच वृद्धांसह आणि लहान मुलांसह दिवस काढायचा आहे, त्यांच्यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे.

प्रथम वाराविषयी. बाग बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली, तर त्या दिवशी ती उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवण्याची पद्धत आहे. रविवारी आणि शाळांच्या सुट्ट्यांत इथे इतकी गर्दी होते की चार वर्षांच्या मुलाला पिंजऱ्यापुढे उभ्या माणसांच्या पाठीच अधिक दिसतात. म्हणून शक्य असेल तर एक दिवस रजा काढून मधल्या वारी जावे, असे मी आग्रहाने सांगेन. तिकिटाच्या बाबतीत ही बाग कुटुंबांना धार्जिणी आहे. 2017 मध्ये दर वाढले, तेव्हा मोठ्यांना 50 रुपये आणि तीन ते बारा वर्षांच्या मुलांना 25 रुपये असा दर ठरला. मात्र आईवडील आणि दोन मुले अशा चौघांसाठी मिळून 100 रुपयांचे कौटुंबिक तिकीट ठेवण्यात आले. म्हणजे मुलांचा प्रवेश जवळजवळ विनामूल्यच झाला. निघण्यापूर्वी चालू दर पाहून घ्यावेत. मध्य रेल्वेच्या भायखळा स्थानकावर जलद लोकल थांबतात आणि तिथून बाग चालत जाण्याइतकी जवळ आहे. पश्चिम रेल्वेवरून येणाऱ्यांनी आणि पुण्याहून येणाऱ्यांनी दादरला उतरून गाडी बदलावी.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक कुटुंबे प्रवेशद्वारातून आत शिरताच मुलांच्या हट्टापायी थेट पेंग्विनकडे वळतात आणि भर दुपारी वाघापुढे उभी राहतात. रविवारी हा क्रम योग्य असेल, कारण पेंग्विनची रांग जसजसा दिवस चढतो तसतशी वाढते. मधल्या वारी मात्र तो उलटा करावा. मुंबईच्या उन्हात दुपारी वाघ सावली धरून झोपतो, बिबट्या आणि अस्वलही आडोशाला जातात, आणि ते योग्यच आहे. प्राण्याने आपल्या सोयीसाठी उन्हात फिरावे अशी अपेक्षा कोणी करू नये. पेंग्विनचे दालन वातानुकूलित असल्याने त्यांच्या सकाळ-दुपारीत फरक पडत नाही. तेव्हा साडेनऊच्या सुमारास आत शिरून पहिले दोन तास उघड्यावरच्या प्राण्यांना द्यावेत आणि ऊन तापले की थंड दालनात यावे. आम्ही असे केले, त्यामुळे सासूबाईंना दुपारी बाराच्या उन्हात एक पाऊलही चालावे लागले नाही.

वाघाची जोडी इथे 2020 मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून आणली गेली आणि पुढच्याच वर्षी तिला मादी बछडा झाला. इथले पूर्वीचे गज असलेले पिंजरे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना काचेपलीकडची मोकळी, झाडे लावलेली जागा पाहून समाधान वाटेल. मगर आणि सुसर यांच्यासाठी केलेल्या दालनात प्राणी पाण्याच्या वरून तसेच पाण्याखालून, काचेतून पाहता येतो. माझा मुलगा सर्वाधिक वेळ उभा राहिला तो इथे. पाण्यावर केवळ दोन डोळे आणि नाकपुड्या दिसत होत्या, आणि तोच प्राणी खालून पूर्ण लांबीचा, पाय सैल सोडून तरंगणारा दिसला, तेव्हा नदीकाठी जपून राहावे असे आजी का सांगते, हे त्याला कोणी वेगळे समजावण्याची गरज उरली नाही. मुक्त पक्षी विहारात माणूस जाळीच्या आतून चालतो आणि पक्षी त्याच्या डोक्यावरून उडतात. तिथे मुलांना हळू बोलायला लावले, तर पक्षी बरेच जवळ येतात.

पेंग्विनविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण मुलांना घरी चुकीची माहिती मिळालेली असते. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन आहेत. ते बर्फात राहत नाहीत. पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावर ते राहतात. तिथला किनारा कोरडा आहे, पण त्याला लागून समुद्राचा थंड प्रवाह वाहतो, आणि त्या प्रवाहातल्या माशांवर हे पक्षी जगतात. दालनात 16 ते 18 अंश तापमान राखतात ते याच कारणासाठी. जुलै 2016 मध्ये दक्षिण कोरियातील सोल येथून आठ पेंग्विन आणले गेले, त्यांपैकी एक त्याच वर्षी दगावला, आणि या उष्ण शहरात ते आणावेत की नाहीत यावर तेव्हा मोठा वाद झाला. तो वाद मला आजही गैरलागू वाटत नाही. मात्र पुढे इथेच त्यांची पिल्ले जन्मून वाढली, त्यावरून त्यांची निगा मनापासून राखली जाते हेही मान्य केले पाहिजे. मुलांना ही सगळी हकीकत जाण्यापूर्वी सांगावी आणि काचेवर टकटक करू नये हे बजावावे. माहीत असलेले मूल काचेपुढे अधिक शांत उभे राहते, असा माझा अनुभव आहे.

तरीही, प्राण्यांची लांबलचक यादी डोळ्यांपुढे ठेवून येणाऱ्याचे इथे तीन-साडेतीन तासांत पाहून होईल. पूर्ण दिवस सत्कारणी लावायचा असेल, तर झाडे पाहावीत. ही बाग 1862 मध्ये लोकांसाठी खुली झाली ती मुळात वनस्पती उद्यान म्हणून. प्राणिसंग्रहालय नंतर वाढत गेले. पन्नासहून अधिक एकरांच्या या जागेत देशोदेशींची झाडे आहेत. आफ्रिकेतून आलेल्या गोरखचिंचेचा बुंधा मुलांनी हात धरून मोजायला घ्यावा. दक्षिण अमेरिकेतल्या कैलासपतीची फुले फांद्यांच्या टोकाला न येता खोडावरच येतात, आणि फुलाच्या आत नागफण्याखालच्या पिंडीचा आकार दिसतो. सासूबाई त्या झाडापुढे हात जोडून उभ्या राहिल्या. ब्रह्मदेशातली उर्वशी इथे आहे, तिचे लाल-पिवळे लोंबते घोस हिवाळ्याच्या अखेरीस पाहायला मिळतात. बागेचा कायापालट करण्याची मोठी योजना 2007 च्या सुमारास पुढे आली, तेव्हा मुंबईतल्या काही नागरिकांनी याच झाडांसाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. आज आपण ज्या सावलीत मुलांना पाणी पाजायला बसतो, ती सावली टिकण्यामागे त्यांचे श्रम आहेत, याबद्दल मला त्यांचे आभार मानावेसे वाटतात.

जेवणासंबंधी एवढेच सांगते की सकाळी घरून पोटभर न्याहारी करून निघावे, पाण्याच्या बाटल्या भरून घ्याव्यात आणि जेवण बाहेर पडल्यावर भायखळ्यात किंवा लालबागला करावे. लहान मुलांना कडेवर घेऊन फिरण्याइतके अंतर होते, तेव्हा ढकलगाडी असल्यास न्यावी.

बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. 1872 मध्ये सुरू झालेले हे मुंबईतले सर्वांत जुने संग्रहालय होय. जुन्या मुंबईतल्या कारागिरांच्या, बैलगाड्यांच्या आणि घरांच्या मातीच्या प्रतिकृती तिथे आहेत, आणि दमलेल्या मुलांना त्या पाहायला आवडतात. संग्रहालयाच्या आवारात दगडी हत्ती आहे, तोही चुकवू नये. हा हत्ती घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले. 1864 मध्ये तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना यारी (क्रेन) तुटली, हत्ती पडून त्याचे तुकडे झाले, आणि 1914 मध्ये ते तुकडे जोडून तो पुन्हा उभा करण्यात आला. फोर्टातल्या काळा घोडा या भागाला ज्याच्यावरून नाव पडले, तो मूळ पुतळाही जवळच आहे, जो 1965 मध्ये तिथून इथे हलवला गेला. सासूबाईंनी हा दगडी हत्ती पाहिला आणि ‘मी बसले होते तो याच्याहून लहान होता’ असे नातवाला सांगितले, तेव्हा मुलाने त्याची सोंड आणि कान यांचे सांधे कुठे दिसतात ते शोधण्यात अर्धा तास घालवला.

जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या आरंभी महापालिकेचे झाडे-फुले-फळांचे प्रदर्शन याच बागेत भरते. त्या दिवसांत गर्दी वाढते, पण उर्वशीचा बहरही त्याच सुमारास सुरू होतो. आम्ही पुढच्या खेपेस त्याच आठवड्यातला एखादा मधला वार निवडणार आहोत.