फोटोवरून पक्षी ओळखणारं अ‍ॅप: हिवाळा-उन्हाळा वापरल्यावर

अ‍ॅपचं नाव मुद्दाम देत नाही. अशी चार-पाच मिळतात, थोड्याफार फरकाने सगळी एकाच पद्धतीने चालतात आणि मला जे जाणवलं ते बहुतेकांना लागू पडावं. दिवाळीनंतर घेतलं, आता पाऊस तोंडावर आलाय. वापर मुख्यतः पुण्याच्या आसपास: कवडीपाट, पाषाण तलाव, सिंहगडाची दरी, अधूनमधून भिगवण.

पूर्ण पक्षी, बाजूने, बऱ्या उजेडात असेल तर अ‍ॅप सहसा चुकत नाही. खंड्या किंवा वेडा राघू ओळखायला त्याची गरजच नाही म्हणा, पण चिखलात फिरणाऱ्या तपकिरी-करड्या मंडळींची यादी दोन-तीन नावांवर आणून ठेवतं, हेच मोठं काम. डेटा आधी उतरवून ठेवला की रेंज नसतानाही चालतं.

खरी परीक्षा क्लोजअपला. हल्ली हाईडमध्ये (पक्ष्यांना न दिसता फोटो काढायच्या आडोशात) बसलं की कोणाकडेही चेहरा भरून फोटो येतात. पण गणित बघा: ६०० मिमी लेन्स, एफ/६.३, पक्षी ५ मीटरवर. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याला फोकसमध्ये राहणारी खोली जेमतेम अडीच सेंटीमीटर. डोळा लख्ख, पापणीची कड मोजता येईल आणि मागे पंख-शेपूट सगळं विरघळलेलं. लाइक भरपूर मिळतात. ओळखायला मात्र आकार नाही, पाय नाहीत, शेपूट नाही, पक्षी कशावर बसलाय तेही नाही.

अशा वेळी अ‍ॅप तारीख आणि ठिकाणावर टेकतं. करून बघा: तोच चेहऱ्याचा फोटो ठेवून ठिकाण पुण्याऐवजी दुसऱ्या टोकाचं द्या, पहिलं नाव बदलतं. यात गैर काही नाही, जाणता माणूसही आधी ‘कुठे दिसला, कधी दिसला’ हेच विचारतो. फक्त माणूस ‘सांगता येत नाही’ म्हणतो, अ‍ॅप मात्र पहिलं नाव मोठ्या चित्रासकट असं समोर ठेवतं की नवशिक्याला वाटतं, झालं, मिळालं. माझी मुख्य तक्रार हीच. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवलेला फोटो टाकलात तर त्यातली तारीख-ठिकाणाची नोंद आधीच गळलेली असते. मग अ‍ॅप विचारतं आणि आपण घाईत ‘आज, इथे’ दाबून मोकळे होतो. मित्राला सांगा, डॉक्युमेंट म्हणून पाठव.

उलट काही जोड्या अशा आहेत की क्लोजअपच कामाला येतो. मोठा बगळा आणि मध्यम बगळा घ्या. शेजारी उभे असले तर आकारावरून कळतात, पण एकटं पांढरं डोकं फ्रेममध्ये आलं की अ‍ॅप दोन्ही नावं देऊन गप्प. चोचीच्या रंगावर जाऊ नका, विणीच्या हंगामात दोघांचीही पिवळी चोच काळी होऊ शकते. फोटो मोठा करून जिवणीची रेघ, म्हणजे चोचीच्या फटीची मागे जाणारी रेघ पाहा. मोठ्या बगळ्यात ती डोळ्याच्या मागे निघून जाते, मध्यम बगळ्यात डोळ्याखालीच संपते. ही रेघ दिसण्याइतका जवळचा फोटो दुर्बिणीवाल्यांच्या नशिबी फार क्वचित. धोबी (वॅगटेल) पक्ष्यांचंही तसंच. पांढऱ्या धोब्याचं कपाळ पांढरं असतं. मोठ्या धोब्याचं कपाळ काळं आणि त्यावर ठसठशीत पांढरी भुवई. नुसतं डोकं पुरतं.

पावशा आणि शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) ही जोडी मला सगळ्यात आवडते. पावशाने पिसारा, छातीवरचे पट्टे, उडण्याची ढब सगळं शिक्र्यासारखं उचललंय, त्यामुळे लांबचा फोटो अ‍ॅपलाही गोंधळात टाकतो. जवळून मात्र सोंग उघडं पडतं: शिक्र्याची चोच आखूड आणि टोकाला आकड्यासारखी, पावशाची कोकीळ कुळाला शोभेल अशी साधी, आणि डोळ्याभोवती पिवळं कडं. बाकी ‘पेर्ते व्हा’ सुरू झालं की फोटोची गरज उरत नाही, पण हिवाळ्यात तो मुका असतो तेव्हा हेच पाहावं लागतं.

शिंजिरांनी (सनबर्ड) मात्र अ‍ॅपला आणि मला दोघांनाही दमवलं. नराची चमक रंगद्रव्याची नाही, पिसांच्या रचनेची आहे. ऊन फिरलं की जांभळा गळा कोळशासारखा काळा दिसतो. त्यात पक्षी थेट कॅमेऱ्याकडे बघत असला तर चोचीची लांबी आणि बाक दोन्ही नाहीसे होतात, आणि जांभळा शिंजीर की लोटेनचा, याचा निम्मा निकाल तर चोचीवरच लागतो. पावसाळ्यानंतर जांभळ्या शिंजिराचा नर बायकोसारखा पिवळट होतो, गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा तेवढा उरतो. फोटो चोचीपुरता कापलात तर तोही गेला.

म्हणून आता सवय लावून घेतली आहे: पोर्ट्रेट काढायच्या आधी एक रटाळ फोटो. लांबून, पाय-शेपटीसकट, फांदी मध्ये आली तरी चालेल. दुसरा, पक्ष्याने मान वळवली की बाजूने. अ‍ॅपला तिन्ही दाखवायचे. तिन्हींवर एकच नाव आलं तर ते नाव घेऊन माहितगाराकडे जायचं, वेगवेगळी आली तर ई-बर्डच्या (पक्षी-नोंदींच्या ऑनलाइन साइटच्या) यादीत वरचा गट भरायचा. ‘शिंजीर, जात माहीत नाही’ अशी नोंद तिथे चालते, आणि चुकीच्या नावापेक्षा ती कितीतरी उपयोगी.

अ‍ॅप फोनमध्ये ठेवलंय, काढणार नाही. पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण वटवट्यांमुळे (वॉर्बलर) गेला. ब्लिथचा वटवट्या आणि हिरवट पर्णवटवट्या यांच्या चेहऱ्यांवर अ‍ॅप रोज वेगळं बोलतं. तिथे मी आता फोनचं रेकॉर्डिंग आधी सुरू करतो. झुडपातून एकच कोरडं ‘चक्’ आलं तर पहिला, वरच्या पानांतून ‘चिस्वीट’ असं दोन तुकड्यांत आलं तर दुसरा. फोटो त्यानंतर, मिळाला तर.