शटरच्या मोटरला दिव्याचे बटण जोडताना: दोन तारा की चार?

मोंढ्यातील दुकानांपासून छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या नव्या वसाहतींतील पार्किंगपर्यंत मोटरवर चालणारी शटर आता सर्रास दिसतात. रिमोट हरवतो किंवा त्याचा सेल उतरतो, म्हणून भिंतीवर एक बटण लागतेच, आणि अंधारात ते चाचपडावे लागू नये म्हणून त्यात बारीक दिवा असावा ही अपेक्षाही रास्त आहे. प्रश्न एवढाच की तो दिवा कशावर पेटवायचा: बटणाच्याच दोन तारांवर, की दिव्यासाठी आणखी दोन वेगळ्या तारा टाकून. शटर आपोआप उघडण्यापासून मोटरचा कंट्रोल बोर्ड जळण्यापर्यंतच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ या एका निर्णयात असते, म्हणून वायरमनला बोलावण्याआधीच तो विचारपूर्वक घ्यावा.

कंट्रोल बॉक्समधील बटणाची टर्मिनल ही दिवा चालवण्यासाठी दिलेली नसतात. बोर्ड त्यांच्यावर एका रेझिस्टरमधून स्वतःचा थोडा विजेचा दाब (व्होल्टेज) ठेवतो, जसे ५, १२ किंवा २४ व्होल्ट, आणि बटण दाबल्यावर तो शून्याजवळ आला की हुकूम मिळाला असे समजतो. दोन तारांच्या पद्धतीत एलईडी आणि त्याचा रेझिस्टर बटणाच्या संपर्काला समांतर जोडलेले असतात, त्यामुळे बटण न दाबताही थोडा प्रवाह सतत वाहत राहतो. तो किती असावा यावरच सगळे अवलंबून आहे. समजा, मल्टीमीटरवर उघड्या टर्मिनलांमध्ये १२ व्होल्ट मिळाले आणि मीटर मिलिअँपिअरवर ठेवून तीच टर्मिनल जोडल्यावर ३ मिलिअँपिअर मिळाले (हे मोजताना शटर हलते, म्हणून खाली कोणी उभे नसावे), तर बोर्डाचा आतला रेझिस्टर सुमारे ४ किलोओहमचा आहे. लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात. त्याला २२ किलोओहमचा रेझिस्टर लावला तर जेमतेम ०.४ मिलिअँपिअर वाहतो, टर्मिनलवर साडेदहा व्होल्ट शिल्लक राहतात आणि चांगल्या प्रतीचा एलईडी तेवढ्यावरही अंधारात स्पष्ट दिसतो. त्याच जागी कोणी जास्त उजेडाच्या हौसेने १ किलोओहम लावला, तर दाब ४ व्होल्टपर्यंत खाली येतो आणि बटण दाबले गेले असे बोर्ड समजू शकतो. अशी तीन बटणे समांतर जोडली तर प्रत्येकाची गळती जमा होते आणि २२ किलोओहमचे रेझिस्टर असूनही दाब साडेआठपर्यंत येतो. टर्मिनलवर ५ व्होल्टच असतील तर पांढरा किंवा निळा एलईडी नीट पेटतच नाही, कारण त्याच्यावरच सुमारे ३ व्होल्ट पडतात. जुन्या डोअरबेलचे फिलामेंट दिव्याचे बटण या कामी अजिबात वापरू नये, कारण तो दिवा एवढ्या थोड्या प्रवाहावर पेटत नाही आणि त्याच्यातून वाहणारा प्रवाह बोर्डाला मात्र फसवतो.

तरीही या पद्धतीचा एक गुण मान्य करायला हवा. बटण दाबताच दिवा विझतो, म्हणजे संपर्क झाल्याची खूण तिथेच मिळते, आणि न दाबता दिवा विझलेला असला तर बटण आत अडकले असावे किंवा बोर्डाला वीज नसावी हे लगेच कळते. भिंतीत टू-कोर केबल आधीच बुजवलेली असेल आणि नवा पाइप टाकणे शक्य नसेल, तर मोजमाप करून ही पद्धत निवडण्यात काही गैर नाही.

नवे काम असेल तर मात्र माझा कौल चार तारांना आहे. २२ मिलिमीटरच्या पॅनल बटणावर हुकुमाचा संपर्क १३ आणि १४ या टर्मिनलांवर येतो, दिवा एक्स-१ आणि एक्स-२ वर, आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध राहत नाही. स्टीलच्या गोल कडीच्या बटणांतही दिव्याची अधिक-उणे टर्मिनल वेगळी असतात. खरेदी करताना दिवा किती व्होल्टचा आहे हे बटणावरच वाचून घ्यावे. ३ व्होल्टच्या, आत रेझिस्टर नसलेल्या दिव्याला सरळ २४ व्होल्ट दिले तर तो क्षणात जातो. असा दिवा २४ व्होल्टवर लावायचाच असेल, तर १० किलोओहम, पाव वॅटचा रेझिस्टर पुरतो आणि प्रवाह दोन मिलिअँपिअरच्या आसपास राहतो.

वीज कुठून घ्यायची याचे दोन पर्याय आहेत. अनेक बोर्डांवर फोटोसेलसाठी (वाटेतला अडथळा टिपणाऱ्या सेन्सरसाठी) १२ किंवा २४ व्होल्टचे वेगळे टर्मिनल असते, त्यावरून दिवा सहज चालतो. दुसरा पर्याय म्हणजे इन्व्हर्टरच्या लाइनवरचा स्वतंत्र अॅडॉप्टर. आपल्याकडे लाइट जाणे नित्याचे असल्याने अनेकांना अॅडॉप्टर सोयीचा वाटतो, पण २३० व्होल्टची शटरची मोटर बहुधा इन्व्हर्टरवर नसते, म्हणून लाइट गेल्यावर बटण उजळलेले दिसते आणि शटर हलत नाही. घरातील वृद्ध माणूस मग तेच बटण पुन्हापुन्हा दाबत राहतो. बोर्डावरून घेतलेला दिवा विझलेला दिसला की साखळी ओढून शटर हाताने उचलायचे हे कोणालाही समजते. या कारणासाठी मी बोर्डाचाच पुरवठा घेतो. बॅटरी बॅकअप असलेल्या २४ व्होल्टच्या सरकत्या गेटच्या मोटरला ही अडचण येत नाही.

एक पर्याय मात्र ठामपणे नाकारावा. स्विचबोर्डाशी रंग जुळतो म्हणून इंडिकेटरचा मॉड्युलर बेल पुश बसवण्याची पद्धत आहे. त्यातील इंडिकेटर २३० व्होल्टसाठी असतो, २४ व्होल्टवर पेटत नाही. मग कोणीतरी त्याला फेज-न्यूट्रल देतो आणि त्याच छोट्या डबीत शटरच्या कमी दाबाच्या तारा येतात. एक सैल स्क्रू किंवा ओल आली, की २३० व्होल्ट थेट बोर्डात आणि बटण दाबणाऱ्याच्या बोटापाशी पोहोचतात. केबलचा पाइपही घरच्या वायरिंगपासून वेगळाच असावा, आणि शेतातील गेटपर्यंत लांब केबल जाणार असेल तर वळवाच्या विजा लक्षात घेऊन सर्ज प्रोटेक्टर आणि चांगले अर्थिंग दोन्ही करून घ्यावे.

बिनतारी भिंतबटणाला तारा लागत नाहीत; पण त्याचा दिवा दाबल्यावरच लागतो, म्हणजे अंधारात बटण शोधण्याची मूळ गरज भागत नाही. परदेशातून आणलेल्या काही ओपनरमध्ये (दार उघडणाऱ्या यंत्रांत) भिंतीवरचे पॅनल बोर्डाशी सांकेतिक संदेशांनी बोलते; तिथे टर्मिनलवर साधे बटण जोडून काहीच होत नाही आणि त्याच पॅनलच्या आतल्या स्विचवर तारा डाग देऊन (सोल्डर करून) जोडाव्या लागतात.

बटण कोणतेही घ्या, शटर पूर्ण दिसेल अशा जागी आणि लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशा, साधारण पाच फुटांच्या, उंचीवर लावा. स्टॉपच्या बटणाला तर चार ताराच हव्यात. तार तुटली तरी शटर थांबावे यासाठी अनेक बोर्डांवर त्याचा संपर्क नेहमी जोडलेला असतो, आणि जोडलेल्या संपर्काला समांतर लावलेला दिवा बटण दाबेपर्यंत पेटूच शकत नाही.