आठ महिने ‘झिरो वेस्ट’, मुक्काम सदाशिव पेठ, कॉट बेसिस

‘झिरो वेस्ट’, म्हणजे होता होईल तो कचराच न करता राहायचं. जुलैत सुरुवात केली, आता फेब्रुवारी संपतोय. तिघी मैत्रिणी, दोन खोल्या, एक गॅस, दुपारचा-रात्रीचा डबा मेसचा. लॉरेन सिंगर नावाची न्यूयॉर्कची मुलगी विद्यार्थिनी असतानाच या नादाला लागली आणि तिचा कित्येक वर्षांचा कचरा एका बरणीत मावला, हे पाहून मीही एक बरणी ठेवली होती. ती चौथ्या दिवशी भरली. आता तिच्यात शेंगदाणे असतात.

आधी खर्चाचं सांगते, कारण विद्यार्थ्याला पहिला प्रश्न तोच पडतो. सुरुवातीला सुमारे १,८०० रुपये गेले: स्टीलचा तीन पुडाचा डबा, मेन्स्ट्रुअल कप (पाळीत पॅडऐवजी वापरायचा), दातांचे बांबूचे दोन ब्रश, शाम्पूची वडी, कंपोस्टची बादली आणि स्टीलचा स्ट्रॉ. स्ट्रॉ का घेतला ते मलाही सांगता येणार नाही. मी उसाचा रससुद्धा ग्लासाला तोंड लावून पिते. पिशव्या आईने जुन्या चादरीच्या शिवून दिल्या, फुकट.

यातली सगळ्यात वसूल झालेली वस्तू कप. पहिले दोन महिने गळती झाली, एकदा तर प्रॅक्टिकलच्या मधेच. तिसऱ्या महिन्यात हात बसला आणि आता विसरायला होतं इतकं सोपं झालंय. खरी अडचण कप निर्जंतुक करायला उकळण्याची. एकाच स्वयंपाकघरात तिघी, आणि पातेलं मॅगीचं! त्यावरून आमच्यात दोन दिवस अबोला होता. शेवटी तुळशीबागेतून छोटं वेगळं पातेलं आणलं, त्याला लाल दोरा बांधला, विषय संपला. आधी मी महिन्याला पंधरा-सोळा पॅड वापरायचे. ते कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून द्या, असं ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची संस्था पुण्यात किती वर्षं सांगतेय. कचरा वेचणाऱ्या बाईला पुडकं न उघडता आत काय आहे ते कळावं, एवढ्यासाठी तो ठिपका. आमच्या जिन्यात तो ठिपका काढणारं घर मला एकच दिसलंय. पुढचं हातानेच वेगळं करावं लागतं, आणि ते हात आमच्याकडे येणाऱ्या ताईंचे.

ताईंनी मला एका सकाळी जे शिकवलं ते कुठल्या व्हिडिओत सापडलं नव्हतं. मी मोठ्या अभिमानाने सुका कचरा वेगळा करून दिला. त्यांनी गोणी जिन्यातच उपडी केली आणि भराभर ढीग पाडले. पुठ्ठा एकीकडे, पाण्याच्या बाटल्या एकीकडे, दुधाच्या पिशव्या वेगळ्या. दुधाची पिशवी धुतलेली असेल तर बरी, नाहीतर दुसऱ्या दिवशी गोणीला वास मारतो. मग उरलेला ढीग पायाने माझ्याकडे सरकवला. चिप्सची पाकिटं, बिस्किटांची चकचकीत वेष्टनं, शाम्पूच्या पुड्या. “हे कोणी घेत नाही पोरी. भंगारवाला हात लावत नाही.” त्या पाकिटांत प्लास्टिक आणि चंदेरी थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे होत नाहीत म्हणून त्यांना भाव नाही. त्या दिवसापासून मी वस्तू ‘प्लास्टिक आहे का’ असं बघत नाही, ‘ताई कुठल्या ढिगात टाकतील’ असं बघते. या हिशोबाने तिघींत मिळून लिटरभर शाम्पूची बाटली आणणं पुड्यांपेक्षा कितीतरी बरं.

आणि हो, शाम्पूची वडी सपशेल फसली. आमच्याकडे नळाचं पाणी सकाळी तासभर, नंतर बोअरचं, म्हणजे जड. मी घेतलेली वडी साबणाची होती, आणि जड पाण्यात साबणाचा चिकट थर बसतो, तोच माझ्या केसांवर बसला. शेवटी लिंबू पिळलेल्या पाण्याने धुतल्यावर थर निघायचा, पण नऊच्या लेक्चरआधी लिंबू कोण पिळत बसणार? “आपल्या आज्या असंच तर राहायच्या” म्हणणाऱ्या सगळ्यांना माझं हेच सांगणं आहे. आजीकडे चूल होती, राख होती, परसात फणसाच्या झाडाएवढी जागा होती आणि मुख्य म्हणजे तिला सबमिशन नव्हतं.

बांबूचा ब्रश ठीक. दांडा कुजेल, केस नायलॉनचेच, ते पकडीने उपटून वेगळे टाकावे लागतात. ओल्या मगात उभा ठेवला तर बूड काळं पडतं.

कंपोस्टची कथा थोडक्यात. ऑगस्टची ओल, वर आमच्या परीक्षा, त्यामुळे बादलीत सुका पाला टाकायचा राहिला आणि नुसता चहाचा चोथा न् भाजीची देठं पडत गेली. काळ्या सैनिक माशीच्या अळ्या झाल्या. त्या निरुपद्रवी असतात आणि कचरा झपाट्याने खातात, हे मी वाचलं होतं. मोठ्या झाल्या की कोरडी जागा शोधत बाहेर निघतात, हे नव्हतं वाचलं. त्यांना कोरडी जागा मिळाली ती घरमालक आजोबांच्या उंबऱ्यावर. आजोबा शांतपणे म्हणाले, “बादली राहील किंवा तुम्ही.” बादलीत आता कपडे भिजवतो.

आता मुख्य दुखणं. मी लगेजच्या काट्याला गोणी लटकवून दर महिन्याला सुका कचरा तोलायचे. तिघींचा मिळून जुलैत ४.२ किलो, फेब्रुवारीत २.६. फरक आहे, पण उरलेल्या २.६ मध्ये आम्ही स्वतः निवडलेलं फार थोडं. कॉलेजला जर्नल एकाच बाजूने छापलेलं हवं, वर प्लास्टिकचं कव्हर हवंच. पाठपोट छापून नेलं तर परत पाठवलं, म्हणजे तीच पानं दोनदा छापली! मेसच्या काकूंना पातळ पिशवीत रस्सा बांधू नका म्हटलं. राज्यात २०१८ पासून या पिशव्यांवर बंदी आहे, तरी रस्सा पिशवीतच येतो, कारण डबे धुवायला त्यांच्याकडे माणूस नाही. हे त्यांनी सरळ सांगितलं आणि ते मला पटलंही. मग मी दोन डबे केले, आदला धुऊन द्यायचा, आजचा घ्यायचा. दहापैकी सात वेळा जमतं.

रविवार मात्र अवघड. दुपारी फीस्ट, संध्याकाळी मेस बंद. पूर्वी आम्ही मोबाइलवरून मागवायचो आणि तिघींच्या जेवणामागे डबे, झाकणं, चटणीच्या पुड्या, न मागितलेले चमचे असा डोंगर उरायचा. आठवड्याचा निम्मा कचरा त्या एका जेवणाचा. आता स्टीलचा डबा घेऊन कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रावर जाते. पहिल्यांदा गेले तेव्हा काकांनी डब्याकडे बघितलं, मागे पाव-पाव किलोच्या बांधून ठेवलेल्या पिशव्यांकडे बघितलं आणि प्रामाणिकपणे विचारलं, “यातली फोडून डब्यात ओतून देऊ का?” त्यांना खरंच मदत करायची होती. मी ‘नको’ म्हणून बटाट्याची पिशवी तशीच घेऊन आले आणि जिना चढताना मला हसू आवरेना.

नंतर कळलं की भाजी पातेल्यात असते साडेसहा-सातपर्यंत. त्यानंतर गर्दी होते म्हणून सगळी बांधून टाकतात. डबा आधी रिकामा काट्यावर ठेवायला सांगा, नाहीतर त्याचं वजन भाजीच्या भावाने पडतं. माझं दोन रविवार पडलं. आणि उसळ हवी असेल तर सव्वासहालाच निघा, ती सगळ्यात आधी बांधतात.