सव्वा किलोला पावणेदोन लाख : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळीच्या आधी हा लॅपटॉप घरी आला त्या रात्री मेहुणा जेवायला होता. त्याने खोक्यावरचं वजन वाचलं, बिल वाचलं आणि पानं वाढेपर्यंत हिशोब करून मोकळा झाला. १.२५ किलो, १,७४,९९० रुपये. ‘भावजी, किलोला एक लाख चाळीस हजार पडले. सराफाकडे गेला होतात का?’

त्याचा लॅपटॉप त्याच महिन्यातला. ९२ हजारांचा, दोन किलो तीनशे ग्रॅमचा, वर विटेएवढा चार्जर. तेव्हापासून आमचा हा वाद चालू आहे आणि आता नऊ महिने भरलेत, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. नाव घेतलं की लॅपटॉप बाजूला राहतो आणि पक्ष पडतात.

माझं काम आधी सांगतो, कारण त्याशिवाय पुढच्या तक्रारींना अर्थ नाही. मी मालिका आणि सिनेमांची मराठी सबटायटल करतो, उरलेल्या वेळात पुस्तकांची प्रुफं वाचतो. म्हणजे दिवसभर देवनागरी टाइप करणं आणि देवनागरी बघणं. जीएसटी नंबर घेतलेला नाही, त्यामुळे बिलातले अठरा टक्क्यांचे साडेसव्वीस हजार परत मिळण्याचा प्रश्नच नाही. पावणेदोन लाख म्हणजे पूर्ण खिशातले पावणेदोन लाख.

वजनापासून सुरुवात करतो, कारण तिथे मी जिंकलोय. आठवड्यातून चार दिवस मुलुंड ते करी रोड, स्लो लोकल. बसायला मिळायची आशा ठाण्यानेच संपवलेली असते. सॅक पाठीवरून छातीवर घ्यायची आणि तान्ह्या बाळासारखी सांभाळत उभं राहायचं. जुना लॅपटॉप आणि त्याचा चार्जर मिळून पावणेतीन किलो व्हायचे, हा चार्जरसकट दीड किलोच्या आत आहे. सव्वा किलोचा फरक भांडुपला कळत नाही, कुर्ला गेल्यावर कळतो. डाव्या खांद्याला जे कायमचं दुखणं होतं ते जानेवारीपर्यंत गेलं. मेहुणा बाइकवर फिरतो, त्याला हे पटणार नाही, सोडा.

पण वजन आणि जाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुकानात त्या एकच म्हणून विकल्या जातात. हा लॅपटॉप १४ मिलिमीटर जाड आहे. १८ असता तर मला काय फरक पडला असता? माझ्या सॅकमध्ये जेवणाचा डबा असतो, तो सात सेंटिमीटरचा आहे. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्झने कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढून दाखवला, तेव्हापासून सगळ्यांनाच पाकिटात मावायचं वेड लागलंय. मी आजवर एकही लॅपटॉप पाकिटातून नेलेला नाही. वजन कमी करायला पैसे दिले याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. ते चार मिलिमीटर छाटायला दिले त्याचं वाटतं, कारण त्यांची किंमत बिलावर लिहिलेली नव्हती. ती नंतर कळत गेली.

पहिल्यांदा कळली ती कीबोर्डवर. हे इंग्रजी परीक्षणांमध्ये कुठेही सापडणार नाही, म्हणून जरा थांबून सांगतो.

मी इनस्क्रिप्टवर टाइप करतो. १९८६ साली सरकारने प्रमाण केलेली ही मांडणी, डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. व्यंजनं जास्त, त्यामुळे ती उजवीकडे पार कडेपर्यंत पसरतात. इंग्रजीवाल्याचा जिथे अर्धविराम असतो तिथे च आहे, अवतरणचिन्हाच्या जागी ट, चौकटी कंसाच्या जागी ड, आणि उलट्या तिरक्या रेघेवर ॉ. आता या लॅपटॉपची आखणी करणाऱ्याने काय केलं, तर कीबोर्डला दोन्ही बाजूंनी सारखी मोकळी जागा सोडली. फोटोत फार देखणं दिसतं. ती जागा कुठून आली? उजव्या कडेच्या कळांमधून. त्या पाऊणपट रुंदीच्या केल्या. इंग्रजीत लिहिणारा माणूस चौकटी कंस दिवसातून किती वेळा दाबतो? त्याला हे कळणारही नाही. मराठीत मात्र ‘डॉक्टर’ हा एक शब्द लिहून बघा. ड, ॉ आणि ट, तिन्ही त्या अरुंद कळांवर. माझ्याकडे सध्या एक वैद्यकीय मालिका आहे. पहिल्या आठवड्यात माझ्या सबटायटलांमध्ये सगळे एकमेकांना ‘डक्टर’, ‘जॉक्टर’ अशा हाका मारत होते.

बोटांना वळण लागायला दोन महिने गेले. चारच्या कळेवर ₹ छापलं की कीबोर्ड भारतीय झाला, असा समज कधी जाणार कोण जाणे.

पातळपणामुळे कळा दबतातही कमी, जेमतेम मिलिमीटरभर. एरवी त्याचं काही वाटत नाही, पण दिवसाला सहा-सात हजार शब्द टाइप केले की बोटांची टोकं थेट लादीवर आपटल्यासारखी दुखतात. आणि सातव्या महिन्यात नेमकी ट ची कळ बिघडली. एकदा दाबली की दोनदा उमटायची. ‘पोटट’, ‘वाटटतं’. वॉरंटी एक वर्षाची, घरी येऊन दुरुस्तीची, त्यामुळे पैसे लागले नाहीत. पण आलेल्या मुलाने एका कळेसाठी काय बदललं ते बघून मी गार झालो : कीबोर्ड, तळव्याखालचा अख्खा धातूचा पत्रा आणि त्याला आतून चिकटवलेली बॅटरी, सगळं मिळून एकच भाग. चार मिलिमीटर वाचवायला कीबोर्ड पत्र्यालाच रिव्हेट केलेला आहे, स्क्रू नाहीत. मी सहज विचारलं, वॉरंटी संपल्यावर केवढ्याला? ‘एकोणीस-वीस हजार धरून चाला, सर.’ माझ्या जुन्या लॅपटॉपचा कीबोर्ड लॅमिंग्टन रोडला, म्हणजे मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या बाजारात, बाराशे रुपयांत, समोर उभं राहून बसवून मिळाला होता. मेहुण्याला हे अजून सांगितलेलं नाही.

आता स्क्रीन, आणि इथे माझी काही तक्रार नाही. १४ इंचांत २८८० बाय १८०० ठिपके, आणि ओलेड, म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतःच उजळणारा पडदा. प्रूफवाचनात हा निव्वळ चैनीचा भाग नाही. ‘वर्षांनी’ हा शब्द घ्या. षा च्या कान्यावर रफार आणि त्याला टेकून अनुस्वार. जुन्या फुल एचडी पडद्यावर बारा पॉइंटात तिथे एक काळा ठिपका दिसायचा, अनुस्वार आहे की गळलाय हे बघायला दर वेळी झूम करावं लागायचं. इथे रफाराची कोयरी आणि टिंब वेगवेगळी दिसतात. ध आणि घ, भ आणि म यांतली गफलत संध्याकाळी सात वाजताही होत नाही. पानामागे अर्धा मिनिट वाचत असेल तर तीनशे पानी पुस्तकात अडीच तास झाले. पडदा चकचकीत आहे, खिडकीकडे पाठ करून बसलात तर स्वतःचंच तोंड बघावं लागतं, पण मी टेबल फिरवून घेतलं. ओलेडवर एकच चित्र तासन्‌तास राहिलं तर त्याचा डाग उमटतो ही भीती खरी आहे आणि सबटायटलच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच रेघा सहा-सहा तास हलत नाहीत. मी टास्कबार लपवून ठेवतो, पार्श्वभूमी काळी ठेवतो. अजून तरी डाग दिसलेला नाही.

वेबकॅम ठीक. स्पीकर ठीक. बोटाच्या ठशाने उघडतो, पावसात ओल्या बोटाने नाही.

आमचा खरा वाद पेटतो तो रॅमवर, म्हणजे चालू काम धरून ठेवणाऱ्या मेमरीवर. यातली चिप इंटेलच्या लुनर लेक कुळातली आहे, २०२४ ची. या कुळात रॅम वेगळी नसतेच, प्रोसेसरच्या पाकिटातच बसवलेली असते. १६ जीबी किंवा ३२, तिसरा पर्याय नाही. २५६व्ही आणि २५८व्ही या दोन नावांत प्रोसेसर तोच आहे, शेवटचा आकडा फक्त रॅम किती ते सांगतो. माझी ३२. मेहुण्याचं म्हणणं, ‘तुम्ही आयुष्यभराचं लग्न लावून घेतलंत. माझ्यात दोन खाचा आहेत, आज सोळा आहे, पुढे चौसष्ट करीन.’ मुद्दा बिनतोड आहे. फक्त मधल्या काळात एआयच्या डेटा सेंटरांनी जगातली मेमरी उचलायला सुरुवात केली आणि भाव चढले. मार्चमध्ये तो रॅम आणायला लॅमिंग्टन रोडला गेला आणि भाव ऐकून, वडापाव खाऊन परत आला.

त्या चिकटवलेल्या रॅमचा मोबदला मला बॅटरीत मिळतो. मेमरी आणि प्रोसेसर इतके जवळ असले की त्यांच्यातल्या येण्याजाण्यावर वीज कमी खर्च होते. ७० वॉट-अवरच्या बॅटरीवर प्रूफवाचन अकरा तास, सबटायटलचं काम सात-आठ तास. स्टुडिओत चार्जर नेणंच बंद केलंय. ही सवय एकदा लागली की सुटत नाही. पण जोर लावायची वेळ आली की याला दम लागतो. प्रोसेसरमध्ये आठ कोअर, म्हणजे काम करणारे आठ भाग आहेत, त्यातले चार जोरकस, चार काटकसरी. पन्नास मिनिटांच्या भागाचा कच्चा मजकूर ऐकून काढणारं सॉफ्टवेअर माझ्याकडे पंचवीस मिनिटं घेतं. मेहुण्याच्या त्या विटेत एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड आहे, तिथे तेच काम चहा गाळेपर्यंत होतं. दिवसाला चार भाग असतील तर हा फरक हसण्यावारी नेता येत नाही.

मे महिन्यात तर तो आणखी वाढला. परीक्षणं करणारे एसीत बसून करतात. माझ्या खोलीत दुपारी ३३-३४ डिग्री असतं, म्हणजे पंख्याला थंड करायला मिळणारी हवाच तापलेली. पातळ खोक्यातला छोटा पंखा मग चिलटासारखा किणकिणतो आणि तरीही चिप स्वतःहून वेग कमी करते. त्या महिन्यात पंचवीसची चौतीस मिनिटं झाली. ते छाटलेले चार मिलिमीटर असते तर पंखा मोठा बसला असता.

हेडफोनचं भोक आहे याबद्दल मात्र मी आखणीकाराला नमस्कार करतो. याच किमतीतला याहून पातळ एक लॅपटॉप मी केवळ तेवढ्यासाठी नाकारला. सबटायटल कानाने लावतात. २५ फ्रेमच्या कार्यक्रमात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते, आणि साधा ब्लूटूथ हेडफोन आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद मागे टाकतो. म्हणजे चार-पाच फ्रेम. ओठ हलून जातात आणि वाक्य नंतर येतं. थंडरबोल्टची (चार्जर, पडदा सगळं जोडायची) दोन भोकं आहेत, दोन्ही डावीकडे, टीव्हीला थेट जोडायचं एचडीएमआय नाही. स्टुडिओतल्या टीव्हीला जोडायला सोळाशेचं डोंगल घेतलं, ते पहिल्याच महिन्यात मीटिंग रूममध्ये विसरलो, दुसरं घेतलं. ॲपलने २०१६ मध्ये मॅकबुक प्रोमधून एचडीएमआय काढलं आणि २०२१ मध्ये परत बसवलं. एवढी शोभा बघूनही बाकीच्यांनी तीच वाट का धरावी, हे मला कळलेलं नाही.

एक गंमत पावसाळ्यात कळली. चार्जिंगला लावून, अनवाणी, दमट लादीवर पाय ठेवून टाइप करायला बसलं की मनगटाखालच्या धातूतून हलक्या मुंग्या येतात. बायको म्हणाली, शॉक मारतोय, बंद कर. शॉक नाही. चार्जर दोन पिनांचा आहे, अर्थिंगची पिनच नाही. आतला एक छोटा कपॅसिटर विजेचा कचरा गाळताना अगदी किरकोळ प्रवाह पलीकडे जाऊ देतो आणि धातूचं अंग असल्याने तो आपल्याला जाणवतो. धोका नाही, पण दिवसभर सहनही होत नाही. प्लास्टिकच्या लॅपटॉपला हे दुखणं नसतं. मी तीन पिनांचा चार्जर आणला, तरी मुंग्या तशाच. मग वायरमनने सांगितलं की आमच्या १९७० च्या बिल्डिंगमध्ये त्या खोलीतल्या तिसऱ्या भोकामागे काही जोडलेलंच नाही. आता पायाखाली रबराची चटई आहे.

मग पैसे वसूल झाले का? स्क्रीन, वजन आणि बॅटरी एवढ्यासाठी मी सव्वा लाख हसत दिले असते. वरचे पन्नास हजार पातळपणाचे आहेत, आणि त्यांनी मला अरुंद ट, किणकिणणारा पंखा आणि एकोणीस हजारांचा कीबोर्ड एवढंच दिलं. जो दिवसभर टेबलावर बसून काम करतो त्याने हा घेऊ नये, मेहुण्यासारखी वीट घ्यावी. लोकलने जाणाऱ्याने आणि डोळ्यांवर पोट असणाऱ्याने विचार करावा, पण दुकानात आधी ‘डॉक्टर’ टाइप करून बघावं. वॉरंटी आणखी दोन वर्षं वाढवायला चौदा हजार मागतायत. भरणार आहे, उपाय नाही.

परवा मेहुणा आला. त्याला दोन दिवस रत्नागिरीला जायचं होतं, गाडीत काही काम उरकायचं होतं. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, ‘भावजी, तुमचा नेऊ का? चार्जर नको, राहू दे.’ हे सगळं त्याच्या विटेवर लिहितोय. मांडीवर ठेवता येत नाही, दीड तासात बॅटरी ओरडायला लागलीय. ट मात्र चांगली हाताएवढी आहे.