‘हा तेथे जन्मला’: फोंड्यातला स्तोत्र ८७ चा मराठी अभ्यासवर्ग

गोव्यात फोंड्याला वरच्या बाजाराजवळ भाड्याच्या एका खोलीत दर शनिवारी चार ते सहा असा हा चार आठवड्यांचा वर्ग भरतो. फी तीनशे रुपये. त्यात चहा आणि सोळा पानांची झेरॉक्स पुस्तिका. चारही शनिवार बायबलातल्या एकाच स्तोत्रावर, आणि ते स्तोत्र अवघ्या सात वचनांचे. तरी आठ तास पुरत नाहीत, आणि वर्गाची एकमेव मोठी उणीव तिथेच आहे. तिच्याकडे शेवटी येऊ.

पहिल्या शनिवारी काही समजावून न सांगता स्तोत्र तीनदा मोठ्याने वाचून घेतात. मग रंगीत पेन्सिली वाटतात. पहिली खूण बोलणाऱ्याची: १ ते ३ मध्ये कवी सीयोन नगरीचे, म्हणजे यरुशलेमचे, गुण गातो, ४ मध्ये देव स्वतःच ‘मी’ म्हणत बोलू लागतो, ५ आणि ६ मध्ये नोंदवही उघडते, ७ मध्ये गाणारे येतात. दुसरी खूण ‘जन्मला’ या शब्दाला, लाल गोल. तो तीनदा येतो. पानावर तीन लाल गोल पडले की स्तोत्राचा जीव कुठे आहे ते समोरच दिसते.

अडखळण्याच्या जागा शिकवणाऱ्यांना नेमक्या ठाऊक आहेत. पहिली क्रमांकाची. ग्रीक आणि त्यावरून लॅटिन बायबलात ९ आणि १० ही स्तोत्रे एकच धरली आहेत, त्यामुळे पुढे बराच वेळ आकडा एकाने मागे राहतो. जुनी कॅथलिक प्रार्थनापुस्तके घेऊन येणाऱ्यांना हे स्तोत्र ८६ व्या क्रमांकावर सापडेल. दुसरी जागा जास्त घसरडी आहे. ४ थ्या वचनातल्या राहाबला बहुतेक जण इस्राएली हेरांना लपवणारी यरीहोची राहाब समजतात, कारण मराठीत दोन्ही नावे जवळजवळ सारखीच दिसतात. हिब्रूत त्यांच्यात एका अक्षराचा फरक आहे. इथली राहाब म्हणजे मिसर (इजिप्त) देश. यशया ३०:७ मध्ये मिसरला हेच नाव दिले आहे. ही गाठ सुटली नाही, तर पाच राष्ट्रांच्या यादीत एक बाई येऊन बसते आणि पुढचा सगळा अर्थ तिरका होतो.

तिसरी जागा ‘हा तेथे जन्मला’ यातल्या ‘तेथे’ या शब्दाची. नुसते ४ थे वचन वाचले तर ‘तेथे’ म्हणजे बाबेलात, सोरात असे वाटते. ५ वे वचन सीयोनेचे नाव घेते आणि ६ वे देवाच्या हातात लेखणी देते, तेव्हा उलगडा होतो. म्हणून ४ थ्यावर थांबून प्रवचन करू नका, ६ पर्यंत एका दमात वाचा, असा वर्गाचा दंडक आहे. तो योग्यच आहे.

दुसरा शनिवार नावांचा. मिसर, जिथे इस्राएलाने गुलामी भोगली. बाबेल, ज्याने इ.स.पू. ५८७-८६ मध्ये यरुशलेम जाळले. पलेशेथ, गल्याथाचा देश. सोर, श्रीमंत व्यापारी बंदर. कूश, मिसरच्या दक्षिणेला, त्या काळच्या माणसाला जगाचे टोकच वाटावे असा मुलूख. देव यांना ‘मला ओळखणारे’ म्हणतो. कोरहाच्या पुत्रांचे हे स्तोत्र आहे, हेही इथेच सांगितले जाते. गणना या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात कोरहाने मोशेविरुद्ध बंड केले आणि जमिनीने त्याला गिळले, पण २६:११ म्हणते की त्याचे मुलगे मेले नाहीत. बंडखोराच्या वंशजांनी परक्यांना आत घेणारे गीत गावे, यात फार मोठा दिलासा आहे. पुस्तिकेत याला दोनच ओळी मिळाल्या आहेत. निदान पाऊण पान तरी हवे होते.

तिसऱ्या शनिवारसाठी तरी हा वर्ग करावाच. ६ वे वचन म्हणते की देव राष्ट्रांची नोंद करताना लिहील, ‘हा तेथे जन्मला’. गोव्यात हे समजावायला दूर जावे लागत नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत, इथे जन्मलेले लोक आणि त्यांची मुले-नातवंडे आपला जन्म लिस्बनला नोंदवतात. नोंद झाली की डिचोलीत जन्मलेला माणूस तिकडच्या कागदावर पोर्तुगालचा नागरिक ठरतो. स्तोत्रातली नोंद अशीच आहे: बाबेलात वाढलेल्या माणसाच्या नावापुढे देव सीयोनेचा जन्म लिहितो. पाहुणा म्हणून नाही, आश्रित म्हणून नाही, घरात जन्मलेला म्हणून.

उदाहरण कुठे तुटते हेही लगेच दाखवतात, आणि त्यामुळेच शिकवणाऱ्यांवर विश्वास बसतो. लिस्बनला आजोबांचा दाखला लागतो, आणि दोन कागदांत नावाचे स्पेलिंग जुळले नाही की फाइल अडकते. कोमुनिदादीचा, म्हणजे गावाच्या सामायिक जमिनीच्या जुन्या संस्थेचा, गावकार व्हायलाही गावकाराच्या घरातच जन्मावे लागते. सीयोनेच्या वहीत वंशाचा पुरावा मागणारा रकानाच नाही, कारण लिहिणारा देव आहे आणि तो माणसाला ओळखतो. गोंयकार (गोव्याचा) कोण आणि भायलो (बाहेरचा) कोण, हा वाद रोज ऐकणाऱ्या कानांवर हे वचन वेगळेच पडते.

इथून नव्या करारात जातात आणि संदर्भ मोजकेच घेतात. योहान ३ मधला नवा जन्म. फिलिप्पैकरांस ३:२० मधले स्वर्गातले नागरिकत्व, आणि ते रोमन वसाहतीत राहणाऱ्यांना लिहिले आहे ही आठवण. इफिसकरांस २:१९, ‘परके आणि उपरे नव्हे, तर पवित्र जनांच्या नगरीचे’. प्राचीन ग्रीक भाषांतरात ५ व्या वचनात ‘माता सीयोन’ असे शब्द आहेत. ते गलतीकरांस ४:२६ मधल्या ‘वरच्या यरुशलेम’ या आईशेजारी ठेवून वाचून घेतात. कॅथलिक मिस्सेत हे स्तोत्र पास्काच्या (ईस्टरच्या) चौथ्या आठवड्यात मंगळवारी येते, प्रेषितांची कृत्ये ११:१९-२६ सोबत. त्याच उताऱ्यात अंत्युखियातल्या शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा मिळते. ही जोडी बघून वर्ग क्षणभर गप्प होतो.

एक गोष्ट राहून गेलेली वाटते. मराठीतून ख्रिस्ती शिकवण ही गोव्यात नवी नव्हे. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोलला छापले गेले, तेही रोमी लिपीत. ‘गोव्यात मराठी वर्ग कशाला’ असे विचारणाऱ्यांसाठी पुस्तिकेच्या पहिल्या पानावर एवढे असायला हवे.

आता उणीव. चौथ्या शनिवारी ७ वे वचन येते, ‘माझे सर्व झरे तुझ्यात आहेत’. डोंगरावरचे यरुशलेम गीहोनच्या झऱ्यावर जगत होते, हे नीट सांगतात. केसरव्हाळची झर पाहिलेल्यांना ते पटकन उमगते. पण त्यातच दीड तास जातो आणि सगळ्यात नाजूक प्रश्न शेवटच्या अर्ध्या तासात कोंबला जातो: सीयोन म्हणजे ख्रिस्तसभा, असे म्हटले की इस्राएलाचे काय? ज्यू परंपरेत हीच वचने परदेशी विखुरलेल्या इस्राएल लोकांबद्दल आहेत असेही वाचले जाते. ते वाचन पुस्तिकेत एका ओळीत उरकले आहे. ख्रिस्ती वाचनाने दार उघडावे, आधीच्या घरच्यांना बाहेर काढू नये. हे सावकाश शिकवायला हवे. घाईत ऐकणारा चुकीचेच घेऊन घरी जातो.

पौलाच्या रोमकरांस पत्राचा ११ वा अध्याय तिथे वाचतात, पण कलमाचे गणित सोडवत नाहीत. आपल्याकडे रायवळ आंब्याच्या रोपावर मानकुराद आंब्याची काडी बांधतात: मूळ रानटी, फांदी चांगली. पौल उलटे सांगतो. रानटी जैतुनाची फांदी (परराष्ट्रीय) चांगल्या झाडाला (इस्राएलाला) लावली, आणि हे निसर्गाविरुद्ध आहे असे तोच २४ व्या वचनात म्हणतो. मोठेपणा सगळा मुळाचा. बागाईतदारांच्या गावात हे दहा मिनिटांत समजले असते.

बाकी व्यवस्था चांगली आहे. झेरॉक्स काही पानांवर फिकी आहे, म्हणून स्वतःचे बायबल न्यावे. शक्यतो तळटीपा असलेले, ४ थ्या वचनासाठी त्या लागतातच. चौथ्या शनिवारी निघण्यापूर्वी घरी रोमकरांस ११:१६-२४ दोनदा वाचून जा, आणि १८ व्या वचनाखाली रेघ मारून ठेवा.